माळढोक : निरंक

अकरा वर्षांपूर्वी मी घर सोडलं, तेव्हा तालुक्याच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला निम्मी गल्ली आली होती. सगळ्यांत उशिरा आले ते माझे वडील, आप्पा. ड्यूटीवरून तडक आलेले. खाकी विजारीला गुडघ्यापर्यंत गवताची कुसळं चिकटलेली. आईने तोवर माझ्या बॅगेत कडक भाकरीचा गठ्ठा तिसऱ्यांदा उलटासुलटा करून बसवला होता आणि "पोचलीस की आधी जेव, मग फोन कर" हे दहाव्यांदा सांगून झालं होतं. कुणी पाकीट दिलं, कुणी देवाचा अंगारा दिला. आप्पांनी काहीच दिलं नाही. बस सुरू झाल्यावर ते खिडकीची दांडी धरून चार पावलं बरोबर चालले आणि म्हणाले, "मनी, तिकडं कुठलं पाखरू दिसतंय ते कळवत जा."

लग्न होऊन नवऱ्यामागे परदेशी निघालेल्या मुलीला बाप हे सांगतो! मला हसू आलं, आणि बस नाक्यावर वळेपर्यंत रडूही आलं.

आप्पा वनरक्षक होते. सोलापूरकडच्या माळरानावर माळढोक राखणं हे त्यांचं काम. ज्यांनी माळढोक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: माणसाच्या कमरेला लागेल एवढा उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी आणि चाल अशी की गावचा पाटील पिकाची पाहणी करायला निघालाय. मी लहान असताना एका वेळी तीन-चार दिसायचे. मग एक दिसायचा. मग कधीतरी दिसायचा. मग दिसेनासा झाला. पण आप्पा रोज माळ फिरून यायचे आणि संध्याकाळी ओसरीवर बसून दैनंदिनीत लिहायचे. तारीख, वारा, किती काळवीट, कोल्हा दिसला का, आणि शेवटची ओळ ठरलेली: माळढोक : निरंक. निरंक म्हणजे सरकारी भाषेत 'काही नाही'.

मी दहावीत होते तेव्हा आप्पांना तापाने घेरलं होतं. माझं अक्षर बरं. म्हटलं, बापाला मदत करावी. मी त्यांच्या वहीत पुढच्या अख्ख्या महिन्याच्या तारखा टाकल्या आणि प्रत्येकीखाली सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं, माळढोक : निरंक. नाहीतरी दुसरं काय लिहिणार होते? आप्पांनी ते बघितलं आणि ती पानं टराटरा फाडली. जन्मात त्यांनी माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच.

"आन् मधल्या येखाद्या दिवशी आला असता तर?" ते म्हणाले. "निरंक लिवायला पण माळावर जाऊन यावं लागतंय."

मला तेव्हा हे काही कळलं नाही. बापाचं डोकं तापाने फिरलंय असंच वाटलं.

आता मी राहते हॉलंडमधल्या बाडहूव्हडॉर्पला, अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाच्या कुशीत. मंदार, माझा नवरा, मूळचा पुण्याचा, रोज शहराच्या झुइडओस्ट भागातल्या ऑफिसात जातो. मी पहिली दोन वर्षं 'डिपेंडंट' होते. या शब्दाचा मला इतका राग यायचा की भाषेच्या क्लासला मी डचमधला पहिला शब्द शिकले तो 'जेल्फ'. स्वतः. आता कार्गोच्या एका कंपनीत कागदपत्रं बघते. केनियाची फुलं, नॉर्वेची मासळी, सगळी माझ्या सहीने पुढे जातात. आणि दर रविवारी मी आप्पांना पाखरांचा रिपोर्ट देते. पहिल्याच रिपोर्टात सांगितलं की अ‍ॅमस्टरडॅममध्ये पोपट आहेत, आपलेच, हिरवे, लाल चोचीचे, बागेत थव्याने फिरतात. आप्पा खूश झाले. "बघ, तुझ्याआधीच पोचल्यात," म्हणाले. मासळीच्या गाडीपाशी रांगेत उभा राहणारा बगळा त्यांना इतका आवडला की तो त्यांनी चावडीवर जाऊन सांगितला. माझा रिपोर्ट संपला की मी विचारायची, "आणि तुमच्याकडे?" उत्तर एका शब्दात यायचं. निरंक. निवृत्त झाल्यावरही त्यांनी दोनशे पानी वही विकत आणून हे चालूच ठेवलं होतं.

मग गेल्या वर्षी धाकट्या भावाचा फोन आला. आप्पांना काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचं कडेचं दिसेनासं झालेलं. थेंब चालू होते. आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आप्पांनी ही गोष्ट वर्षभर लपवली होती. माळावर दोनदा ठेचकाळून पडले तेव्हा उघडकीला आली.

मी रडून घेतलं आणि व्हिसाच्या मागे लागले. आई आली नाही, वहिनीचं बाळंतपण होतं. एप्रिलमध्ये आप्पा एकटे आले. सामानात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दुर्बीण आणि वही.

पहिला आठवडा बरा गेला. खिडकीत बसून ते विमानं मोजत. दुसऱ्या आठवड्यात मात्र कुरकुर सुरू झाली. पाणी आवडेना. हिरवळ आवडेना. "जिकडं बघावं तिकडं हिरवं. डोळं दुखायला लागलं माझं," म्हणाले. जन्मभर पिवळ्या गवतात वावरलेला माणूस. त्याला आमचे कालवे आणि गाईंची कुरणं म्हणजे रोज उठून श्रीखंड. परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का, असं त्यांनी मंदारला हळूच विचारलंसुद्धा. ते मला कळलं. एवढ्या लांब आणलेला बाप माझ्या गावात काही न आवडता परत जाणार.

तेव्हा मला वाचवलं ऑफिसातल्या पिलारने. ती स्पेनची. डबा खाताना मी तिला आप्पांचं सांगत होते, मोबाइलवर माळढोकाचा फोटो दाखवत होते. ती म्हणाली, अगं, हा तर आमच्याकडे आहे! आवुतार्दा. माझ्या आजोळच्या गव्हात फिरत असतो. तिने तिच्या मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. हुबेहूब नव्हता, पण ती चाल, ती मान, तो तोरा! माझ्या हातातला घास हातातच राहिला.

घरी जाऊन मी जाहीरच करून टाकलं. मेइफाकान्सीची, म्हणजे शाळेची दोन आठवड्यांची सुट्टी तोंडावर होती. आमच्या लेकीला, नऊ वर्षांच्या ईराला, वर्गात वाळवंटावर भाषण करायचं होतं. स्पेनच्या खाली अल्मेरियाजवळ खरंखुरं वाळवंट आहे, निवडुंगासकट, आणि तिथे जाताना वाटेवर कास्तीयचं पठार लागतं, म्हणजे पिलारचं आजोळ. गाडी आपली, भाकरी आपली. चला!

आप्पा म्हणाले, "थापा." पण त्या संध्याकाळी दुर्बिणीच्या काचा पुसत बसले होते.

आम्ही निघालो. बेल्जियम कधी आला आणि गेला कळलं नाही. फ्रान्स संपता संपेना. सर्व्हिस स्टेशनच्या बाकावर आम्ही कडक भाकरी मोडून शेंगाची चटणी खाल्ली आणि शेजारच्या कॅरव्हानमधल्या डच आजीने ती बिस्किटं समजून मागून घेतली, चटणीसकट. तिचं नाक लाल झालं, पण ती हटली नाही, तिने दुसरा तुकडा मागितला. आप्पा म्हणाले, "ही बाई आपल्याकडं टिकंल." थंड पेटीत थेंबांची बाटली होती. सकाळ-संध्याकाळ ईरा आजोबांची मान मागे करून डोळ्यांत थेंब घालायची. "ओखन ओपन, आप्पा!" आप्पा डोळे उघडायचे. एवढं डच त्यांना येऊ लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कास्तीयच्या पठारावर, पिलारने सांगितलेल्या पडक्या देवळामागे, म्हणजे जुन्या चर्चमागे, आम्ही उभे होतो. मी गाडीतून उतरले आणि ओरडलेच. माळ! क्षितिजापर्यंत सपाट, वर आभाळच आभाळ, अंगाला झोंबणारा वारा. गहू हिरवा होता म्हणून, नाहीतर आमचाच. आप्पांनी नाक वर करून वास घेतला. मग दुर्बीण लावून उभे राहिले. अर्धा तास, एक तास, दोन तास. चंडोल दिसले, ससा दिसला. तो काही दिसेना. नर नाचतात तो हंगामही संपत आलेला. आप्पांची मान अवघडली होती. दुर्बीण काढली की ते कडेच्या दगडाला अडखळत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

मंदारलाही बघवत नसावं. तो स्वभावाने भला माणूस. अचानक त्याने हात लांब केला. "आप्पा, तो बघा! दिसला! अरेरे, गेला, टेकडीमागे गेला."

आणि मी? मी म्हणाले, "हो हो, मीपण बघितला!"

आप्पांनी दुर्बीण खाली केली. "कसा उडाला?"

"असा... भुर्रकन," मंदार म्हणाला.

आप्पांनी मान हलवली. "माळढोक भुर्रकन उडत न्हाई, मंदारराव. आधी पळतंय, मग पंख मारतंय. भरला गाडा हलल्यागत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला दिसत न्हाई म्हणून तुम्ही बघून देणार व्हय?"

ते गाडीत जाऊन बसले. वही काढून लिहिलं. काय लिहिलं ते बघायची मला गरज नव्हती. दहावीतली फाडलेली पानं माझ्या डोळ्यांपुढे आली. तीच चूक मी दुसऱ्यांदा केली होती, आणि या वेळी माझ्या बापाला स्वतः खात्री करून घ्यायला डोळेही नव्हते. पुढचे आठ तास गाडीत फक्त नकाशावाली बाई बोलत होती.

पण वाळवंटाने आमची लाज राखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्मेरियाजवळ तबेर्नासच्या डोंगरात शिरलो आणि ईरा मागच्या सीटवर उभीच राहिली. पिवळे-राखाडी, वाऱ्यापावसाने चिरत नेलेले डोंगर, कोरडेठाक ओढे, हिरवं म्हणाल तर नावाला. आणि ओढ्याच्या काठाने, रस्त्याच्या कडेने, पडक्या घरांच्या भिंतींवरून फड्या निवडुंग! पिवळ्या फुलांनी डवरलेला. त्याच्या शेजारी घायपात, भाल्यासारखी पानं उगारून, मधोमध खांबाएवढा तुरा. मी गाडी थांबवायला लावली आणि पळत सुटले. अकरा वर्षं मी ट्युलिप बघितले, लोक खंडोगणती फोटो काढतात ते शेत बघितलं, छान आहेत, काही म्हणणं नाही. पण फड्याच्या त्या फुलासमोर मी जी उभी राहिले, ती तिथून हललेच नाही. आमच्या परसाचं कुंपण होतं हे. शाळेतून येताना बोंडं तोडायची, मातीत घोळून कुसळं काढायची, आतला काटा टाकायचा आणि लालभडक तोंडाने घरी जाऊन आईचा मार खायचा.

ईरा मात्र हिरमुसली होती. "But Mama, cactus heeft armen!" तिला कार्टूनमधला, हात वर केलेला निवडुंग हवा होता. तोही पुढे मिळाला, एका बागेत, दोन मजले उंच, पोलिसाने पकडल्यासारखा उभा. तिने त्याच्या शेजारी हात वर करून फोटो काढून घेतला. तरी आप्पांनी फड्याच्या पानावरचा पांढरा कापूस बोटाने चिरडून तळहात रक्तासारखा लाल करून दाखवला, तेव्हा तिने किंकाळी फोडली आणि त्या क्षणापासून तिला फड्याच आवडू लागला. "किडा हाय तो," आप्पा म्हणाले. "आपल्याकडचा फड्या ह्याच किड्यानं खाल्ला. आन् फड्या तरी कुठं आपला? त्यो पण बाहेरनंच आलेला. हितं पण बाहेरनंच." आदल्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच एवढं बोलत होते. माझ्याकडे न बघता, पण बोलत होते.

रुसवा खरा गेला तो मंदारमुळे. सेल्फीसाठी मागे मागे सरकत तो एका दगडावर टेकला. दगडामागे फड्या होता. पुण्याच्या माणसाला फड्याचं काय ठाऊक! मोठा काटा परवडला, तो दिसतो तरी. बारीक कुसळं शेकड्याने शिरतात आणि दिसत नाहीत. मंदार उठला तो नाचतच. मग जे झालं ते आमच्या दोन्ही घराण्यांत कधी झालं नसेल. जावई गाडीच्या बॉनेटवर पालथा, आणि सासरा चिमटा घेऊन त्याच्या मांडीच्या मागची कुसळं उपटतोय.

"आप्पा, राहू द्या, तुम्हाला दिसत नाही..." मंदार कण्हला.

"दिसायला कशाला पायजे? हाताला लागतंय की." आप्पा बोटांच्या टोकांनी चाचपत होते आणि एकेक कुसळ नेमकं काढत होते. "अधिकात जावयाला वाण द्यायचं ऱ्हायलं होतं आमचं. आता घ्या."

मंदार हसायला लागला, हसला की टोचायचं म्हणून ओरडायला लागला. पालथ्या पालथ्याच म्हणाला, "आप्पा, काल मी खोटं बोललो. चुकलं माझं."

"म्हाईत हाय. हलू नका."

मीही तेव्हाच माफी मागायला हवी होती. मला जमलं नाही. मी ईराच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि उगाच डिकी आवरत बसले.

त्यानंतरचे चार दिवस म्हणजे नुसती लयलूट. तारांवर वेडे राघू, आपल्याहून रंगीत, जणू लग्नाला निघालेले. निळा चास. हुदहुद. कड्यावर रानबकरे, वळलेल्या शिंगांचे, खाली आमच्याकडे तुच्छतेने बघणारे. संध्याकाळी करवानक ओरडला, तेव्हा आप्पांनी आवाजावरून दिशा सांगितली आणि ईराला तो सापडला. तिची छोटी दुर्बीण आणि त्यांचे कान अशी जोडीच जमली. आणि एका दुपारी रस्त्यावर कासव! ईरा उचलायला धावली तशी आप्पांनी तिला अडवलं. "उचलायचं न्हाई. भ्यालं की मुततंय, आन् पोटातलं पाणी गेलं की उन्हात मरतंय." मग ते स्वतः रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, एक हात वर करून. समोरून भोपळी मिरचीचा ट्रक आला. आप्पांनी त्याला मराठीत सांगितलं, "थांबा. सरकारी काम हाय." ड्रायव्हर उतरला, कासव बघितलं, टोपी काढली आणि कासव पलीकडे जाईपर्यंत आप्पांच्या शेजारी हात बांधून उभा राहिला. मी अकरा वर्षांनी माझा बाप ड्यूटीवर बघत होते.

आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर फड्या, घायपात आणि कोरडा ओढा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "एवढं पेट्रोल जाळून तुम्ही निवडुंग बघायला गेलात?" ती म्हणाली. "मला विचारलं असतंत तर परसात दाखवला असता."

परतीच्या वाटेवर कास्तीय जवळ येऊ लागलं तसे आप्पा म्हणाले, "आता थांबायचं न्हाई. माझ्यासाठी तर अजिबात न्हाई. सरळ घरी." मंदारने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पुन्हा थांबून पुन्हा निरंक झालं असतं, तर त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं असतं ते बघायची माझी छाती नव्हती. आणि पुन्हा म्हणजे कधी? पुढच्या हंगामापर्यंत उजवा डोळा किती उरेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. पडकं देऊळ उजवीकडून जाऊ लागलं.

"Mama, ik moet plassen." ईराला शू लागली होती.

"पुढे पंप आहे, ईरा, दहा मिनिटं."

"Nu!" म्हणजे आत्ताच.

शेतरस्त्यावर गाडी घेतली. ईरा एका मातीच्या भिंतीमागे गेली, गळ्यात तिची दुर्बीण. दोन मिनिटांत पळत आली, बूट हातात. "आप्पा! शेतात कोणीतरी dekbed झटकतंय! पांढरी दुलई! But there is no person!"

आप्पा हळूच म्हणाले, "दुलई कशी हाय?"

"It turns itself inside out! आणि मग it walks. आणि त्याला snor आहे." ती ओठांवरून दोन्ही बाजूंना बोटं फिरवत होती. "मिशा!"

"मिशा?" आप्पांनी दार उघडलंसुद्धा. "खोटं सांगणारा मिशा लावत न्हाई. चल."

मी त्यांच्या मागे धावले. भिंतीआड ईराने त्यांना उभं केलं, मी पाठीमागून त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि थोडं थोडं वळवत नेलं. डावीकडे. अजून. त्या एकट्या पिवळ्या झाडाच्या खाली. थांबा. आप्पांनी दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली आणि त्यांचे खांदे माझ्या हातांखाली ताठ झाले.

तो होता. केवढा मोठा! तपकिरी पाठ, राखाडी मान, आणि बघता बघता त्याने सगळी पिसं उलटी केली आणि पांढऱ्या फेसाचा ढीग होऊन उभा राहिला. थोड्या अंतरावर दुसरा. मागे माद्या, गव्हात मान बुडवून, आपला काही संबंध नसल्यासारख्या. मंदार मागून कुजबुजला, "आप्पा, मी काही बोलत नाही."

"बोला की. आता हायच त्यो," आप्पा म्हणाले.

ते किती वेळ बघत होते कोणास ठाऊक. मी विचारलं, "नीट दिसतंय का?" ते दुर्बीण न काढता म्हणाले, "ह्यातनं सगळ्यांनाच गोलच दिसतंय, मनी. हितं तुझं आन् माझं सारखंच." त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. थेंबांची वेळ अजून व्हायची होती.

मग मला जमलं. त्यांचे खांदे धरूनच म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी मीपण खोटं बोलले. आणि दहावीतपण."

"दहावीतलं तर मी कवाच इसरलो," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "न्हाई इसरलो. पण अक्षर चांगलं होतं तुझं."

एकाएकी ते सगळे पळायला लागले आणि जड पंख मारत उठले. अगदी भरल्या गाड्यासारखे. आप्पांनी मोठ्याने मोजले.

गाडीत बसून त्यांनी वही काढली. मी वाटेत वाकून वाचलं, त्यांनी वाचू दिलं. 'वारा पश्चिमेचा. ससा १. माळढोक : निरंक. माळढोकाचा चुलतभाऊ, मिशावाला : ९. पाहणारे : ईरा, मी, मनी, मंदारराव.'

"निरंक कशाला, आप्पा?" मी विचारलं.

"आपला त्यो न्हवं," आप्पा म्हणाले. "नोंद म्हंजे नोंद." पण ते सबंध फ्रान्सभर गुणगुणत होते.

व्हिसाचे नव्वद दिवस पुरे करूनच ते गेले. शिफॉल विमानतळावर मी त्यांना पोचवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, आता तुला तिकडचं घर बरं वाटतं का इकडचं? मी त्यांच्या बॅगेचा पट्टा नीट केला. सुरक्षा तपासणीच्या रांगेत ते दिसेनासे होईपर्यंत मी उभी होते, आणि मला नेमकं आठवलं की एसटी स्टँडवर आप्पासुद्धा बस वळल्यावर लगेच गेले नव्हते. आई नंतर सांगायची, रिकाम्या रस्त्याकडे बघत बराच वेळ उभे होते.

आता ते भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून माळावर जातात. कडेचं आणखी थोडं कमी झालंय. रविवारी फोनवर मी विचारते, "आज?" ते सांगतात, "निरंक." पूर्वी मला तो शब्द ऐकून वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आज आप्पा माळावर जाऊन आले, एवढंच मी त्यातून ऐकते. तुमच्यापैकी जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना मी एवढंच सांगू शकते. घर कुठलं, ते मला आता असं ओळखू येतं: काही दिसणार नाही हे माहीत असूनही जिथे रोज जाऊन बघावंसं वाटतं, ते घर. माझी अशी दोन झाली आहेत.

मीही एक वही घेतली आहे. ऑफिसला जाण्याआधी सायकल काढून कालव्याच्या बांधावरून कुरणापर्यंत जाते. डोक्यावरून विमानं जात असतात. बगळे, बदकं, हंस, सगळं लिहिते, आणि शेवटची ओळ लिहूनच वही मिटते. परवा ईराने मागून डोकावून ती वाचली आणि तिला हसू आवरेना.

"Mama! इथे माळढोक नाहीतच. Nooit! कधीच! मग रोज का लिहितेस?"

"आणि मधल्या एखाद्या दिवशी आला तर?" मी म्हणाले.

तिने थोडा विचार केला. मग आत गेली आणि आपली दुर्बीण घेऊन आली.